शेपटीची मोटार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी मी दोन शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी विचारले, "विषय कोणता?" त्या म्हणाल्या, "तुम्ही कॅनडाला जाऊन आलात ना? मग तिकडचेच काहीतरी सांगा." परदेशाची भाषणे आपण येथे पुष्कळ ऐकली आहेत. तिकडचे रस्ते कसे स्वच्छ, दुकाने कशी मोठी आणि नायगाऱ्याचा धबधबा कसा प्रचंड, हे आता आपणा सर्वांना पाठ झाले आहे. शिवाय खरे सांगायचे तर मी नायगारा पाहिलेलाच नाही. मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला, आणि सहा महिन्यांत पाहिले ते तिचे स्वयंपाकघर, तिचे अंगण आणि अंगणात उभी असलेली तिची लहानशी मोटार. म्हणून आज मी त्या मोटारीचीच हकीगत सांगणार आहे. हिवाळ्यातल्या एका रात्री ती सुरू झाली नाही, आणि तिच्या सुरू न होण्याला मीच कारण होते. अपराधाची कबुली चार बायकांत दिली की मन हलके होते म्हणतात. मी तर भरल्या सभेत देत आहे.

माझी लेक विनिपेगला असते. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची ही राजधानी. गाव सपाट माळावर वसलेले, आणि रेड व असिनिबोइन या दोन नद्यांचा तेथे संगम. आपल्याकडे संगम म्हटला की स्नान आले. तेथे जानेवारीत संगमावर जावे तर नदीचा दगड झालेला असतो आणि तिच्यावरून मुले लोखंडी पात्याचे बूट घालून घसरत असतात. थंडी किती, हे अंशांत सांगून कळत नाही. निफाडला पारा चार-पाचावर आला की आपल्या वर्तमानपत्रांत बातमी येते, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी दंव गोठले की लोक मुद्दाम पाहायला जातात. आता दुसरे माप घ्या. आपल्या घरच्या शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात साधारण उणे १८ अंश असतात. विनिपेगला जानेवारीतल्या कितीतरी रात्री त्या कप्प्यापेक्षाही गार असतात. म्हणजे रात्री अंगण गारठले असेल, तर ऊब घ्यायला त्या कप्प्यात जाऊन बसावे! अशा हवेत माणसाने जगावे हेच नवल, मग मोटारीची काय कथा?

मी पोचले ती २०१९ च्या जानेवारीच्या आरंभी. बरोबर डिंकाचे लाडू, खारका, बाळंतशेपा आणि चार दुपटी. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिले, तर लेकीच्या मोटारीला शेपटी! पुढच्या जाळीतून एक काळी वायर बाहेर आली होती आणि भिंतीवरच्या विजेच्या खुंटीत खोचलेली होती. गल्लीतल्या प्रत्येक मोटारीची तीच अवस्था. दवाखान्याच्या नि कचेऱ्यांच्या आवारातही मोटारी उभ्या करण्याच्या जागी खांबावर विजेची खुंटी, हे मी पुढे पाहिले. गोठ्यात गुरे बांधावीत तशा मोटारी खुंटीला बांधलेल्या. मला वाटले, या विजेवर चालणाऱ्या मोटारी असतील. लेक घाईत होती. म्हणाली, "नाही गं आई, पेट्रोलचीच आहे. ते आपलं थंडीसाठी असतं." मी 'बरं' म्हटले आणि भाजी चिरायला बसले. येथे माझी पहिली चूक झाली. कळले नाही तर पुन्हा विचारावे, हे मी साऱ्या जन्मभर मुलांना सांगत आले आणि स्वतः मात्र विचारले नाही.

आता माझा स्वभाव तुम्ही जाणता. मंडळाचा हॉल बंद करताना शेवटचा पंखा बंद करणारी मीच. निजायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणे बंद करायची, गॅस पाहायचा, नळ पाहायचे, ही आमच्या सासूबाईंनी लावलेली सवय. त्या रात्री जावईबापू कामासाठी उत्तरेकडच्या गावी गेले होते, लेक लवकर निजली होती. बाळंतपणाला अजून पंधरा दिवस अवकाश होता. मी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून दार उघडले आणि ती वायर दिसली. मोटार उभीच्या उभी, कोणी कोठे जाणार नाही, आणि रात्रभर वीज जळणार! मी पुढे झाले, वायर उपटली, नीट घडी घातली, वेटोळे करून जाळीवर ठेवले आणि लेकीचे चार पैसे वाचवल्याच्या समाधानात अंथरुणावर पडले.

पहाटे तीनच्या सुमारास लेकीने हाक मारली, "आई, ऊठ गं. मला बरं वाटत नाही." पाहते तो कळा सुरू झालेल्या. दिवस पंधरा आधी! तिने शांतपणे घड्याळ पाहिले, इस्पितळाला दूरध्वनी केला. त्यांनी या म्हणून सांगितले. पिशवी तयार होतीच. तिला लोकरीत गुंडाळून बाहेर आणले. त्या वेळी पारा उणे ३४ वर होता. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात अशी ती हवा. लेक गाडी चालवायच्या जागेवर बसली नि म्हणाली, "दवाखाना जवळ आहे, दोन कळांमध्ये पोचते मी." तिने किल्ली फिरवली.

मैत्रिणींनो, तो आवाज मी विसरणार नाही. एरवी मोटार कशी झटकन खाकरून सुरू होते. ही नुसती कण्हली. "उं... उं... उं..." आणि गप्प. पुन्हा किल्ली, पुन्हा कण्हणे, पहिल्याहून मंद. आठ-नऊ वेळा तिने किल्ली फिरवली. शेवटी नुसता 'टक' असा आवाज आला आणि पुढचे दिवे मालवले. लेक म्हणाली, "असं कसं झालं? मी वायर लावली होती." आणि मी, दोन पावलांवर उभी असलेली तिची आई, गप्प राहिले. ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी.

शेजारी एक सत्तरीच्या बाई राहत. त्यांचे आजोबा युक्रेनमधून तेथे शेती करायला आले होते. त्या भागात अशी कुटुंबे पुष्कळ आहेत. मी गेले त्या आठवड्यातच त्यांनी बीटचे आंबट सार आणून दिले होते आणि मी त्यांना लाडू दिला होता. इतकीच ओळख. मी त्यांचे दार वाजवले. माझे इंग्रजी त्या वेळी कोठे गेले कोण जाणे, मी नुसते "बेबी" म्हणाले आणि मोटारीकडे बोट दाखवले. बाईंनी एक प्रश्न विचारला, "कळा किती मिनिटांनी?" मी हाताने दहा दाखवले. "मग वेळ आहे. आधी मुलगी, मोटार मागाहून. वेळ नसता तर रुग्णवाहिका बोलावली असती." पाच मिनिटांत त्यांनी आपली मोटार बाहेर काढली. तीही लहानशीच आणि लेकीच्या मोटारीहून जुनी. एकच गल्ली, एकच रात्र, एकच थंडी. पण त्यांची मोटार पहिल्याच किल्लीला सुरू झाली, कारण तिची शेपटी खुंटीला होती.

सकाळी सहाला मला नात झाली. दोघी सुखरूप. देवाची कृपा, आणि त्या बाईंचीही.

परत येताना मोटारीत मी त्या बाईंना सगळे सांगून टाकले. लेकीला सांगायचे धैर्य झाले नाही, परक्या बाईला सांगितले. त्या रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. फक्त विचारले, "तुमच्या गावी तेल थिजतं का?" मी म्हटले, "खोबरेल तेल थिजतं. डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते." "झालं तर. तुमच्या लेकीच्या मोटारीचंही तेच झालंय." आणि पुढच्या तीन दिवसांत त्या बाईंनी मला जी शाळा शिकवली, ती आज तुमच्यापुढे मांडते.

थंडीत मोटार अडते ती मुख्यतः तीन कारणांनी. पहिले कारण तेल. इंजिनाच्या पोटात वंगणाचे तेल असते. इंजिन फिरते ते त्या तेलातून. गार झाले की ते तेल काकवीसारखे घट्ट होते, आणि काकवीत रवी फिरवायला किती जोर लागतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून तिकडे हिवाळ्यासाठी पातळ राहणारे तेल घालतात. तेलाच्या डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असे काहीतरी छापलेले असते. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल कडाक्याच्या थंडीत अधिक सहज वाहते. तोवर मी ते डबे पेट्रोलपंपावर शेकडो वेळा पाहिले होते, पण त्या अक्षरांत अर्थ आहे हे मला ठाऊक नव्हते.

दुसरे कारण बॅटरी. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले गंधकाचे आम्ल असते, आणि त्यांच्या रासायनिक क्रियेतून वीज निघते. थंडीत ती क्रिया मंदावते. उणे १८ अंशांवर चांगल्या बॅटरीचीही इंजिन फिरवण्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. म्हणजे पाहा, ज्या वेळी इंजिन फिरवायला जास्त जोर हवा, नेमक्या त्याच वेळी जोर देणारी दुबळी. आजारी सून आणि घरात पाहुणे, अशातली गत!

तिसरे कारण पेट्रोल. पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो, पण पेटते ती त्याची वाफ. थंडीत वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त लागते. आमच्याकडे पूर्वी पद्मिनी मोटार होती, तिला चोकची खुंटी असे. आमचे यजमान पौषात सकाळी ती खुंटी ओढत, म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोलचे प्रमाण वाढे. जास्त वेळ ओढून ठेवली की पेट्रोलचा भपकारा येई, मोटार रुसे, आणि मग शेजारची दोन मुले ढकलायला. आताच्या मोटारींत हे काम आतला संगणक करतो. म्हणून सुरू करताना पायाने पेट्रोल देत बसू नये.

आता त्या शेपटीचे रहस्य. वायरीच्या टोकाला इंजिनाच्या ठोकळ्यात एक लहानसा विजेचा तापक बसवलेला असतो. पाणी तापवायची आपली कांडी असते ना, तसाच. तो इंजिनाभोवतालचे पाणी कोमट ठेवतो, त्याने ठोकळा कोमट राहतो, आणि इंजिन सहज फिरते. ही युक्ती त्याच मुलखातली. विनिपेगच्या दक्षिणेला, सरहद्दीपलीकडे अमेरिकेत ग्रँड फोर्क्स नावाचे गाव आहे. तेथल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थांनी इंजिनाच्या माथ्यावरचा एक बोल्ट काढून त्या जागी तापणारा बोल्ट बसवला, आणि १९४९ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले. थंडीने गांजलेल्यानेच थंडीवर उपाय काढला. आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली, ती आपणा बायकांच्या कामाची. पूर्वी मोटारी पुढून लोखंडी दांडा घालून, जोर लावून फिरवाव्या लागत. दांडा उलट फिरला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी इंजिन फिरवणारी विजेची योजना काढली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती आली. त्यानंतर मोटार सुरू करायला दंडात बळ असण्याची गरज उरली नाही, आणि बायकांना मोटार चालवणे सोपे झाले.

"मग मी वीज वाचवली हे चुकलंच," मी म्हटले. बाई म्हणाल्या, "वाचवणं चुकलं नाही. न विचारता वाचवणं चुकलं." त्यांनी आपल्या खुंटीवरचे घड्याळ दाखवले. तापक ४०० वॅटचा धरला तर रात्रभर, म्हणजे दहा तासांत, चार युनिटे जळतात. पण इंजिन कोमट व्हायला तीन-चार तास पुरतात. बाईंचे घड्याळ पहाटे दोनला आपोआप तापक सुरू करी. त्यांना भल्या पहाटे पोहायला जायचे असे म्हणून. चार तासांत दीड युनिटाच्या आसपास खर्च. म्हणजे माझ्यापेक्षा त्यांनी वीजही वाचवली आणि मोटारही सुरू ठेवली. काटकसर म्हणतात ती याला. मी केली होती ती नुसती कंजुषी!

आता पुढचे काम होते मोटार पुन्हा जिवंत करण्याचे. जावईबापूंचे विमान हवेमुळे रद्द झाले होते, ते तिसऱ्या दिवशी दुपारी येणार होते, आणि त्याच दिवशी लेकीला घरी सोडणार होते. तोवर मोटार सुरू झालीच पाहिजे असे मी मनाशी ठरवले.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तिनं किल्ली किती वेळा फिरवली?" मी म्हटले, "आठ-नऊ." "मग बॅटरी बाहेर ठेवायची नाही." कारण असे की भरलेल्या बॅटरीतले आम्ल तीव्र असते, ते उणे ५० च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पण बॅटरी उतरली की आत बरेचसे पाणीच उरते, आणि अगदी उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठते. मीठ कमी पडलेल्या लोणच्याला बुरशी येते, तसे हे. गोठलेल्या बॅटरीच्या बाजू फुगतात. अशा बॅटरीला वीज देऊ नये, दुसऱ्या मोटारीची वायरही जोडू नये, कारण ती फुटण्याचा धोका असतो. आमची फुगली नव्हती. बाईंनी पाना घेतला, आधी काळी वायर सोडवली, मग लाल, आणि आम्ही दोघींनी मिळून ती जड बॅटरी त्यांच्या घरच्या बंदिस्त पडवीत आणून लाकडी फळीवर ठेवली. पुरती कोमट झाल्यावर त्यांनी तिला सावकाश भरणाऱ्या यंत्राला जोडले. भरताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ दिवा-काडी नाही आणि हवा खेळती हवी, हेही बजावले.

पाण्याचीही त्यांनी चौकशी केली. इंजिनाभोवती नुसते पाणी असते तर ते पहिल्याच रात्री गोठून फुगले असते आणि लोखंडी ठोकळा तडकला असता. बर्फाच्या कप्प्यात विसरलेली काचेची बाटली कशी फुटते? म्हणून त्यात निम्मे ग्लायकॉल नावाचे द्रव्य मिसळतात. निम्मे-निम्मे असले की ते उणे ३७ च्या सुमारापर्यंत गोठत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शेपटी खुंटीला लावली. या वेळी माझ्या हाताने! अकराला बॅटरी बसवली, आधी लाल वायर, मग काळी. बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच बसा." मी पुण्यात मोटार चालवते, पण तेथले परवानापत्र माझ्याकडे नाही. त्या हसून म्हणाल्या, "चालवायची नाही, नुसती सुरू करायची." आणि बाहेर उभ्या राहून त्यांनी पाठ घेतला. दिवे बंद, गरम हवेचा पंखा बंद, मागच्या काचेचा तापक बंद. सगळी वीज एका कामाला हवी. गियर मोकळा, क्लच दाबलेला. किल्ली अर्धी फिरवून दोन-तीन क्षण थांबायचे, म्हणजे पेट्रोल पुढे येते. मग पूर्ण फिरवायची, पण दहा सेकंदांच्या वर नाही. नाही झाली तर मिनिट-दोन मिनिटे थांबायचे, बॅटरीला दम खाऊ द्यायचा. लागोपाठ किल्ली फिरवणे म्हणजे थकलेल्या माणसाला चाबूक मारणे. आणि पेट्रोलचा वास येऊ लागला, तर बहुतेक मोटारींत पेट्रोलचे पायटे तळापर्यंत दाबून धरून एकदा फिरवावी, म्हणजे जास्तीचे पेट्रोल निघून जाते.

मी गणपतीचे नाव घेतले आणि किल्ली फिरवली. एकदा कण्हली, आणि सुरू झाली! मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला. माझ्या डोळ्यांना पाणी आले, तर बाई ओरडल्या, "रडू नका, पापण्या गोठतील!"

एक इशारा मात्र त्यांनी फार गंभीरपणे दिला. मोटार तापवायची ती उघड्यावर, बंद खोलीत कधीच नाही, आणि मागच्या नळीवर बर्फ साचला असेल तर तो आधी काढायचा. त्या धुरात जो विषारी वायू असतो त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. मैत्रिणींनो, हा वायू फक्त कॅनडात नाही. बंद न्हाणीघरात गॅसच्या बंबाने आपल्याकडेही माणसे दगावली आहेत, त्या बातम्या आपण वाचतो. तो वायू हाच. न्हाणीघराची खिडकी थंडी वाजते म्हणून बुजवू नका, एवढे माझे हात जोडून सांगणे आहे.

मोटार सुरू झाल्यावर फार वेळ उभी तापवायचीही गरज नसते. काचेवरचा बर्फ खरवडेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे, आणि मग हळूहळू चालवत न्यावी. चालतानाच ती लवकर तापते. आम्ही मात्र त्या दिवशी बाईंना शेजारी बसवून अर्धा तास गल्लीबाहेरच्या मोठ्या रस्त्याने फेरी मारली, बॅटरी भरावी म्हणून. म्हणजे चालवली बाईंनी, मी बसले.

जावईबापू भाड्याच्या मोटारीने विमानतळावरून आले, तो दारात मोटार फुरफुरत उभी. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. आयुष्यात कोणाला दागिना देतानाही मला इतका आनंद झाला नव्हता.

इस्पितळात लेकीजवळ मी एकटीच असताना तिला म्हटले, "बाळ, तुला एक सांगायचंय. त्या रात्री वायर मी काढली होती." ती हसली. म्हणाली, "अगं आई, मला तेव्हाच कळलं होतं. वायरीची इतकी नीट घडी आमच्याकडे दुसरं कोण घालणार?" मी विचारले, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुझा चेहरा पाहिला ना. म्हटलं, हिला आत्ता माझ्यापेक्षा जास्त कळा येताहेत." भगिनींनो, मी तीन दिवस मनात दगड घेऊन फिरले, आणि तो उचलून टाकायला तीन शब्द पुरले असते. हेही मी त्या मोटारीपासूनच शिकले.

आता आपल्याकडे उणे ३४ नाही, तेव्हा याचा आपणास काय उपयोग, असे कोणी म्हणेल. आपल्यातल्या काही जणींची मुले सैन्यात लेह-कारगिलकडे आहेत. तेथे हिवाळ्यात हाच प्रश्न रोजचा. डिझेलमधले मेण थंडीने गोठते आणि नळीच तुंबते. म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. मुलाचे पत्र आले की 'गाडी सुरू व्हायला वेळ लागतो' या ओळीचा अर्थ आता आपणास कळेल.

आणि येथेही बॅटरी उतरतेच की! दिवा चालू राहिला, मोटार चार आठवडे उभी राहिली, की सकाळी तोच 'टक' आवाज. अशा वेळी दुसऱ्या मोटारीवरून वीज घ्यायची रीत बाईंनी मला चार ओळींत शिकवली. दोन्ही मोटारी बंद. लाल वायर आधी आजारी बॅटरीच्या अधिक खुणेला, तिचे दुसरे टोक निरोगी बॅटरीच्या अधिक खुणेला. मग काळी वायर निरोगी बॅटरीच्या उणे खुणेला, आणि तिचे शेवटचे टोक आजारी मोटारीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर, म्हणजे ठिणगी उडाली तरी वायूजवळ उडू नये. मग निरोगी मोटार सुरू करून थोडी चालू द्यायची, आणि त्यानंतर आजारी मोटारीची किल्ली फिरवायची. काढताना उलट क्रम. यात बळ लागत नाही, क्रम लागतो. मोदकाची उकड काढणाऱ्या बाईला क्रमाचे महत्त्व कोणी शिकवावे?

आपल्यातल्या कितीतरी जणी आता मोटार चालवतात, त्याहून अधिक जणी स्कूटर चालवतात. पण पुढचे झाकण किती जणींनी उघडले आहे? मीही उघडले नव्हते. ते यजमानांचे काम, नाहीतर कारखान्यातल्या मिस्त्रीचे, अशी माझी समजूत. सत्तरीच्या त्या बाईंनी हातात पाना घेतला तेव्हा माझी मला लाज वाटली. म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण पाककृतींचे वर्ग घेतो, भरतकामाचे घेतो, तसा एक रविवार मोटारीसाठी ठेवावा. झाकण उघडावे, तेल कसे पाहायचे, पाणी कसे पाहायचे, बॅटरीच्या वायरी कशा जोडायच्या, हे प्रत्येकीने स्वतःच्या हाताने एकदा करावे. वायरींचा एक संच मी मंडळाला भेट म्हणून आजच आणला आहे. तो कपाटात ठेवावा, आणि ज्या बहिणीला लागेल तिने रात्री-अपरात्रीही मागायला संकोच करू नये.

कारण शेवटी त्या रात्री माझ्या लेकीच्या उपयोगी काय पडले? तापक नाही, बॅटरी नाही. उपयोगी पडले ते शेजारचे दार, आणि एका लाडवाची ओळख. ते दार वाजवताना मी क्षणभर थबकले होते, हे आज सांगते. इतक्या रात्री परक्या बाईला कसे उठवावे? न उठवते तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही करू शकत नाही.

ती नात आता शाळेत जाते. दूरध्वनीवर मला विचारते, "आजी, तुझ्या मोटारीला शेपटी का नाही?" मी म्हणते, "आमच्याकडे थंडी नाही गं, म्हणून." पण दर हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवताना मला विनिपेगची ती गल्ली आठवते, आणि त्या बाई आठवतात.

  आणि हो, हॉलचे पंखे आज मीच बंद करणार आहे. पण त्याआधी चिटणीसबाईंना विचारून!